बाबांच्या खोलीत धूर आहे

१

"लक्ष द्या. बाबांच्या खोलीत धूर आहे."

ही आमची बाई. बाई म्हणजे छताला चिकटवलेली पांढरी थाळी, पण बोलते बाईच्या आवाजात, आणि तेही इतक्या गोड की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जावी. दर खोलीत एक थाळी. सगळ्या आतून एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे एक बोलली की सगळ्या बोलतात. खालून कुणी गेलं की थाळीभोवतीचं कडं मंद उजळतं, का तर म्हणे अंधारात पाय ठेचकाळू नये. दादाने बसवल्या. दादा माझा मोठा भाऊ. राहतो विमानाने जावं लागेल इतक्या लांब, आणि तिथे बसून आमच्या घरातला धूर मोबाइलवर बघतो.

बाबांची खोली म्हणजे माझी कामाची खोली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण थाळ्यांना नावं दादाने दिली आणि त्याच्या डोक्यातलं घर अजून तसंच आहे. "अरे, नाव बदल ना त्या खोलीचं," म्हटलं की "बघतो" म्हणतो. त्याच्या बघतोला आजवर कधी मुहूर्त लागलेला नाही.

मी कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून मी दात लावून देते. या कामाला बर्नर लागतो, मेण वितळवावं लागतं, कवळी घासली की पांढरी पूड उडते. थोडक्यात धूर आणि धूळ हाच माझा धंदा, आणि डोक्यावर ही बाई बसवलेली. दुष्काळात तेरावा महिना.

पण दादाला तरी काय बोलणार? कवळीचा गुलाबी भाग ज्या द्रावणात कालवतात, त्याच्या उग्र वासाने माझं नाक कधीच गेलं. फूल हुंगवा नाहीतर गटार, मला सारखंच. तिकडे आई पलंगावर. तिचे पाय गेले, कानही गेले. ऐकायचं यंत्र आहे, पण ते ड्रॉवरमध्ये, कारण त्यातून तिला म्हणे फक्त भांडी आपटल्याचे आवाज येतात. तिचं नाक तेवढं शाबूत. मी ऐकते, ती वास घेते, दोघी मिळून एक धड माणूस. मागे तिच्या शेकायच्या पिशवीने चादर करपली. मी शेजारी बसून पेपर वाचत होते आणि मला पत्ता नाही. आईने माझ्या हातातला पेपर ओढला तेव्हा कळलं. हे मी दादाला हसत हसत सांगितलं. पुढच्याच आठवड्यात थाळ्या दाराशी.

२

बाई बोलली की दादाचा फोन येतो, तो कधी चुकत नाही.

"छोटे, काय जळतंय?"

"माझं डोकं."

"थट्टा नको. इथे लाल दिसतंय."

"बर्नर लावलाय रे. मेण गरम करतेय. कवळ्या काय फुंकर मारून करू?"

"आई कशी आहे?"

"आई मजेत आहे. तिला कुठे काही ऐकू येतंय!"

मोबाइलवर 'गप्प' नावाचं बटण आहे. ते दाबलं की बाई थोडा वेळ तोंड मिटते. मी ते इतक्यांदा दाबलं की अंगठ्याला सवयच लागली. पहिल्यांदा मी धावत जाऊन प्रत्येक खोली बघत असे. मग नुसतं मान वळवून बघू लागले. मग तेही सुटलं. रोज मरे त्याला कोण रडे! अंगात इतका शीण साचला होता की आवाज बंद झाला की बास, पुढचं पुढे.

दादाचं मात्र वेगळंच शिजत होतं. त्याच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा आहे. नर्स असते, डॉक्टर येतात, खिडकीतून झाडं दिसतात. "एवढ्यांदा अलार्म वाजतोय म्हणजे ते घर आईसाठी सुरक्षित नाही," असं त्याने एकदा स्वच्छ सांगितलं. "हे असंच चालू राहिलं तर मी येऊन तिला घेऊन जाईन. तुलाही जरा सुटका."

सुटका! मला राग आला आणि त्याच क्षणी बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आईला मी विचारलं, ओठ नीट हलवत, म्हणजे तिला कळावं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "मला या घरातून हलवू नका," ती म्हणाली. "माझं काय ते इथूनच होऊ दे." तिची बोटं हलकी होती, पण सोडायला तयार नव्हती. मी शब्द दिला. म्हणजे आता अलार्म वाजून चालणार नव्हतं. बाई बोलली की आई माझ्याकडून जाणार, इतका सरळ हिशोब.

३

त्या दुपारी मी बर्नर लावलाच नव्हता. कामं देऊन आले होते, चहाचं आधण ठेवलं होतं, तेही अजून थंडच.

"लक्ष द्या. दारापाशी धूर आहे."

दारापाशी? दारापाशी काय आहे जळायला, पायपुसणं? मी जाऊन बघितलं. दार बंद, कडी लावलेली, चपला जागच्या जागी. हवा स्वच्छ. हात वर करून थाळीखाली पंख्यासारखा हलवला, तशी ती गप्प झाली. वळले तोच पॅसेजमधली बोलली.

"लक्ष द्या. पॅसेजमध्ये धूर आहे."

आणि चार पावलं चालायला लागतील तेवढा वेळ गेल्यावर, "बाबांच्या खोलीत धूर आहे."

मी पॅसेजमध्येच उभी होते. माझ्या खोलीच्या दाराला दुधी काच आहे. आतलं कडं उजळलेलं त्या काचेतून दिसलं, मग विझलं. खोलीत कुणी गेलं की उजळतं तसं. मी बाहेर होते.

यंत्र आहे, बिघडलं असेल. हे मी स्वतःला बजावलं, मोठ्याने बजावलं, आणि दार ढकललं. बर्नर थंड, साचे रांगेत, माझी खुर्ची जरा खिडकीकडे फिरलेली. ती मीच फिरवली असणार, उजेडासाठी फिरवतेच मी. काचेच्या बरणीत कुणाची तरी अर्धी हिरडी भिजत होती. बाबा कामावरून आले की याच खिडकीशी बसून पाइप ओढायचे, पण माझी खुर्ची तिथे असते ती उजेडासाठी, एवढंच.

दादाचा फोन आला. "पुस्तकावरची धूळ झटकत होते," असं काहीतरी त्याला सांगितलं.

आईकडे चहा घेऊन गेले. ती दाराकडे तोंड करून पडली होती.

"तंबाखूचा वास येतोय," आई म्हणाली.

आईला बाई ऐकू येत नाही हे मी आधीच सांगितलंय. ते लक्षात ठेवूनच मी तो चहा तिला चमच्याने पाजला आणि अर्धा सांडला.

४

मग हे रोजचंच झालं. चहाची वेळ झाली की दार, पॅसेज, बाबांची खोली. कधी उलट क्रम नाही, कधी मधूनच सुरुवात नाही. धूर आत यायचा तेवढा. जाताना कुठून जायचा ते बाई काही सांगत नव्हती.

कंपनीचा माणूस आला. घोडी लावून त्याने थाळ्या उतरवल्या, उघडल्या, फुंकल्या. बोलका होता.

"कवळ्यांची पूड जाते हो आत. धुळीला धूर समजतो सेन्सर बिचारा."

"पण दारापाशी कुठली आलीय पूड? तिथे मी काम करत नाही."

"उडत जाते. पुडीला काय पाय लागतात?" मग दारावरची थाळी त्याने उजेडात धरली आणि जरा थांबला. "घरात कोण ओढतं?"

"कुणी नाही."

"मग जुनी घेतली का?"

"नवी कोरी. खोक्यासकट आली."

त्याने आतला भाग मला दाखवला. पिवळट तपकिरी, बोट लावलं तर चिकट. ज्या घरात रोज ओढतात तिथल्या पडद्यांवर बसतो तसला थर. पॅसेजमधली तशीच, माझ्या खोलीतली तर त्याहून गडद. आईच्या खोलीतली मात्र पांढरीशुभ्र.

"इथपर्यंत नाही पोचला धूर," तो म्हणाला, अगदी सहज, आणि कापसाने पुसायला लागला. त्याने सगळ्या चकचकीत करून परत लावल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तेच.

५

याच दिवसांत आई सुधारली. मी हे दृष्ट लागेल म्हणून कुणाला बोललेसुद्धा नाही.

तिची कवळी मीच केलेली. तिचे स्वतःचे दात होते तसेच लावलेत, समोरचा एक किंचित तिरका, तिच्याच हट्टाने. पूर्वी आई कवळीशिवाय उंबरा ओलांडत नसे. दारावर कचऱ्याची गाडी आली तरी आधी दात, मग बादली. "बोडक्या तोंडाने चारचौघांत जायला मी काय मेलेय का?" असं म्हणायची. पण अंथरुणाला खिळली आणि तिने दात सोडले. कवळी उशाशी ग्लासात पडलेली, पाणी मी बदलायचे. माणसाने दात लावायचे सोडले की ते आता कुणासाठी हसायचं सोडतंय, एवढं मला माझ्या धंद्याने शिकवलंय.

आणि एके दुपारी तिने ग्लासाकडे बोट दाखवलं. "दे."

दात लावले, केस विंचरून घेतले, उशी उंच करून घेतली. दुसऱ्या दिवशीही. जेवण वाढलं, गालावर जरा रंग आला. मी आनंदाने खुळावले. हिला कुठे दुसरीकडे न्यायची? उलट हीच आता मला काम सांगेल! दादाला फोटो पाठवला, तोही खूश झाला. "फक्त ते अलार्म तेवढे थांबव," म्हणाला. "ते थांबले तर मी न्यायचं नाव काढणार नाही."

थांबवले. सोपं होतं. माझ्याकडे गुलाबी मेणाचे पत्रे असतात, कवळीसाठी वापरतात ते. बर्नरवर ऊब दिली की मऊ पडतात, कुठेही दाबून बसवा, थंड झाले की घट्ट. दारावरच्या थाळीवर एक, पॅसेजमधल्या थाळीवर एक, माझ्या खोलीत एक, सगळ्या भोकांवर नीट बसवले. आईच्या खोलीतली तेवढी ठेवली, तिथे मला खेळ नको होता.

काय शांतता! चहाची वेळ आली आणि गेली. बाई बोलली नाही, दादाचा फोन नाही. मी टेबलावर डोकं टेकलं आणि चक्क झोपले. उठले तेव्हा आईच्या खोलीतून तिचं हसणं येत होतं. टीव्ही बघत असेल. मी कूस बदलावी तशी मान बदलली आणि परत झोपले.

टीव्ही माझ्या खोलीत असतो.

६

मेणाचा पत्रा मला पॅसेजमध्ये सापडला, आईच्या दारासमोर, जमिनीवर. निसटून पडला असेल म्हणून उचलला. पण निसटून पडलेला पत्रा सपाट असतो. हा दुमडलेला होता. तीन पदरी करून घोड्याच्या नालासारखा वळवलेला, चाव्यासाठी वळवतात तसा.

हे नीट सांगते. वरचे आणि खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते कळावं म्हणून पेशंटला मऊ मेण चावायला देतात. मी शिकत होते तेव्हा पेशंट कुठले मिळणार? बाबा. "चावा, बाबा," म्हटलं की बाबा पाइप बाजूला ठेवून चावायचे. पुढे पुढे म्हणावंही लागेना. टेबलावर मेण दिसलं की आपणच वळवायचे, चावायचे आणि ठेवून द्यायचे. मी वैतागायचे. "अहो, ते कामाचं होतं!" तर म्हणायचे, "तू ठेवलंस, मला वाटलं माझ्यासाठीच." घरात हसायचा विषय होता तो.

पत्र्यावर चाव्याचा ठसा होता. खोल आणि स्वच्छ.

मी तो खिडकीशी नेला. डोळे आपलं काम करत होते, त्यांना सवय आहे. बाबांची कवळी मीच केली होती. वरच्या बाजूला डावीकडे, सुळ्याच्या शेजारी, पाइपच्या दांडीने झिजून खाच पडली होती. मी ती बुजवायचे, ते पुन्हा पाडायचे. "राहू दे गं, पाइप बरोबर बसतो तिथे." बाबा गेले तेव्हा कवळी त्यांच्या तोंडातच होती. काढू नका, असं आईनेच सांगितलं होतं.

खाच तिथेच होती. डावीकडे, सुळ्याच्या शेजारी.

मी आईच्या पलंगावर बसले. ती दात लावून, केस विंचरून बसलेली.

"आई, तुझ्याकडे कोण येतं गं?"

तिने माझ्या ओठांकडे बघितलं. कळलं तिला. "कोण येणार? सगळे आपापल्या कामात."

"आई."

"दारात उभे राहतात," ती म्हणाली. "आत या म्हटलं नाही मी अजून. माझे दात नीट बसत नाहीत, बोलताना निसटतात." मग हलक्या आवाजात, मी लहान असताना भूक लागली का विचारायची त्या आवाजात, "दादा मला घेऊन गेला तर त्यांना पत्ता कसा सापडेल?"

मी शब्द दिला होता, मान्य. पण त्या क्षणी मला एकच कळत होतं, आईला इथून हलवायला हवं. मी उरलेल्या थाळ्यांवरचं मेण ओरबाडून काढलं आणि दादाला फोन लावला.

"तू म्हणत होतास ना, ने तिला. उद्याच ये."

"छोटे, काय झालं? तूच तर नको म्हणत होतीस."

"मी दमले रे," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. "मला आता झेपत नाही."

तो म्हणाला, उद्या सकाळचं विमान बघतो. आणि या वेळी त्याने खरंच बघितलं.

७

आईला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने नुसती मान हलवली आणि कवळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"इथे टोचतं," हिरडीवर बोट लावून दाखवलं. "तेवढं घासून दे. बाहेर जायचं म्हणजे दात नीट हवेत."

एवढं तर करायलाच हवं होतं. मी ती खोलीत नेली, टोचत होती तिथे घासली, पॉलिश केली, आणून तिच्या तोंडात बसवली. तिने दात मिटून बघितले, उघडले, पुन्हा मिटले. तिरका दात ओठाआडून दिसला.

"आता बसले," आई म्हणाली. "किती छान काम आहे तुझं, पोरी. जा, तुझं उरलेलं आटप."

मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि आले. हातात एका डॉक्टरचं अर्जंट काम होतं. प्लास्टर कालवलेलं, ते घट्ट व्हायच्या आत ओतायला हवं. चहाची वेळ झाली होती. मी बाईची वाटच बघत होते. एक दिवस, म्हटलं, आजचा एक दिवस काढायचा, उद्या दादा येतोय.

"लक्ष द्या. आईच्या खोलीत धूर आहे."

माझ्या अंगठ्याने 'गप्प' दाबलं. मी नाही दाबलं, अंगठ्याने दाबलं, सवयीने. दुसऱ्या हातात ओला साचा होता. मग मला कळलं की बाईने कुठली खोली सांगितली. आणि आधी दार नाही, पॅसेज नाही.

मी मान वर केली. दुधी काचेपलीकडे पॅसेजमधलं कडं उजळलं. एक माणूस खालून गेला की ते उजळतं आणि लगेच विझतं. आज ते उजळलं ते उजळलेलंच राहिलं. एकामागून एक दोघं जावीत, त्यातलं एक बऱ्याच दिवसांनी चालायला लागलेलं असावं, अगदी सावकाश, एवढा वेळ. काचेवर खालच्या बाजूला काहीतरी हललं, साडीच्या काठाएवढं. मग दारापाशीचं कडं उजळलं.

साचा माझ्या हातातून पडला. धावले तेव्हा दाराची कडी निघालेली होती आणि दार जरासं उघडं. बाहेर कुणी नव्हतं. मला वास येत नाही, पण घशात काहीतरी गोडसर खवखवत होतं.

आई पलंगावर होती. चादर छातीपर्यंत सारखी केलेली, केस विंचरलेले, तोंड दाराकडे. गाल आत गेलेले, ओठ आत ओढलेले. हात धरला. मग तो हात धरूनच मी ग्लासात बघितलं. पाणी होतं. उशीखाली बघितलं, चादर झटकली, गुडघे टेकून पलंगाखाली हात घातला. ड्रॉवरमध्ये ऐकायचं यंत्र होतं तसंच. कवळी नव्हती. अजून घरात कुठेही नाही, मी सगळं घर उलथंपालथं केलंय.

फोन वाजला. दादा.

"छोटे, मघाशी लाल झालं होतं. आता सगळीकडे हिरवं दिसतंय. काही नाही ना? तिकीट काढलंय मी, सकाळी पोचतो."

"ये," मी म्हटलं. आईचा हात अजून माझ्या हातात होता. "पण दादा, न्यायला म्हणून नको येऊस."